माकडहाडाचा मान

नारिन शहरातल्या शिवणकारखान्यात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बुरुलचाच्या उजव्या खांद्यामागे मुठीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, पण हात ठेवला की ऊबदार लागायची. बिश्केकच्या इस्पितळात फोटो काढले, जाड सुईने तुकडा घेतला. डॉक्टरीणबाई बोलल्या मात्र मुलाशी, सामातशी, बाहेर व्हरांड्यात. "चरबीची गाठ आहे गं," एवढंच त्याने सांगितलं.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शिवण उसवायची, पुन्हा घालायची. सून तिला बादली उचलू देईना.

रविवारी मेंढी कापली. वाटे मानाप्रमाणे पडतात. माकडहाडाचा वाटा घरातल्या सर्वांत थोरल्या बाईचा, म्हणजे जाऊबाई कालिपाचा. सुनेने तो बुरुलचापुढे ठेवला. कालिपा खाली बघत राहिली.

बुरुलचाने ताटली सरकवली. "जाऊबाई, तुम्ही सत्तरीच्या, मी चोपन्नची. मला एवढी घाईघाईने कशी थोरली केलीत?"

"खा गं मुकाट्यानं," कालिपा म्हणाली. "प्रेमानं दिलंय."

"असलं प्रेम निघालेल्या माणसावर करतात. सामात, काय म्हणाली डॉक्टरीण?"

सामातने घास ताटलीत परत ठेवला. "फोटोत कॅन्सरसारखं दिसतंय म्हणाल्या. तुकड्याचा निकाल बुधवारी. आई, तुला कसं सांगू?"

"तोंडानं!" ती म्हणाली, आणि माकडहाड कालिपाच्या ताटलीत टाकलं.

बुधवारी तिने सामातला व्हरांड्यातच बसवलं. डॉक्टरीणबाईंची नजर दाराकडे गेली, तशी ती म्हणाली, "मुलगा बाहेरच आहे. गाठ माझी आहे. मला सांगा."

त्या हसल्या. "कॅन्सर नाही. ही तपकिरी चरबी. तान्ह्या बाळांना असते, हिवाळाभर झोपणाऱ्या डोंगरी मार्मोटांना असते. मोठ्या माणसात तिची गाठ क्वचितच होते. रक्तवाहिन्या फार, म्हणून ऊबदार लागते आणि फोटोत फसवते. पसरत नाही. पण वाढतेय, तेव्हा अख्खी काढू."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"आणि शिवणकाम पुन्हा कधी?"

"दीड महिन्याने."

ती बाहेर आली. सामात ताडकन उठला. "काय म्हणाल्या?"

"आधी चहा पाज. दहा दिवस पोटात ठेवलंस ना? आता घोटभर थांब."

पण चहा यायच्या आत तिलाच राहवलं नाही.