न लागलेला निळा दिवा

ऐका हो ऐका! विज्ञानाच्या इतिहासात कुठेही नोंद नसलेली एक भयंकर गोष्ट आज जाहीर करतोय. बायकोलाही कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगतो — पण कशी? मलाच ती अजून नीट कळलेली नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी चेन्नईत, वेस्ट मांबलमला राहायचो आणि एका प्रयोगशाळेत जिवाणू सांभाळायचो. हे जिवाणू लायपोपेप्टाइड बनवत — साबणासारखं फेसाळणारं, बुरशी मारणारं रसायन. बुरशीच्या बशीत ते सोडले की भोवती स्वच्छ कडं पडे. ते कडं मोठं करणं हा आमच्याकडे संशोधन करणाऱ्या कलैवाणीचा पीएचडीचा विषय. त्यासाठी जिवाणू निळसर उजेडाच्या अतिनील दिव्याखाली धरायचे. बरेचसे मरतात, उरलेल्यांची जनुकं बदलतात, आणि एखादा — एखादाच — जास्त रसायन करू लागतो.

एकदा तिला ताप होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. जिवाणूंच्या बशा दिव्याच्या पेटीत ठेवल्या, दार लावलं, बटण दाबलं आणि कॉफीला गेलो. गप्पा रंगल्या — माझ्या रंगतातच! परत येऊन पेटीमागे पाहतो तर दिव्याची पिन बाहेर, आणि त्या सॉकेटात माझा नवाकोरा मोबाइल चार्ज होतोय. सकाळी मीच लावलेला.

पुन्हा करायचं ना? नाही केलं. "झालं" म्हणून बशा तिला दिल्या.

जिवाणू भलतेच दाट उगवले. दिवा म्हातारा झालाय, म्हणत ती हसली. आणि त्यातल्या एकाभोवती कडं पडलं — हे एवढं! कसं? आपोआपही बदल होतात म्हणे, कुणी न सांगता. की तो आधीपासूनच तसा होता? कुणास ठाऊक. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी म्हैसूरपाक वाटला. मी कमरेत वाकून टाळ्या घेतल्या.

मग सर तिला म्हणाले, पुन्हा करून दाखव. कलैवाणीने नवा दिवा आणला आणि माझ्यासारखंच — तिला वाटत होतं माझ्यासारखंच — करत राहिली. महिनोन्‌महिने. तिची कडी लहान पडत, नाहीतर पडतच नसत. दिवा नेमकी रसायन बनवणारी जनुकंच मोडत होता. सर तिला सगळ्यांसमोर धांदरट म्हणत. मी तिथेच उभा असे. एका वाक्याचं तर काम होतं! का नाही बोललो? भीती? की त्या टाळ्या? आजही उलगडा होत नाही.

तिने पीएचडी सोडली, आवडी नावाच्या उपनगरातल्या एका शाळेत नोकरी धरली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत माझ्यापाशी आली, आणि भर प्रयोगशाळेत मोठ्यांदा बोलून गेली, "सार, तुमचा हातगुणच वेगळा! माझ्या हातात आले की जिवाणूसुद्धा नासतात."