बाबांचा स्कॅन मीच वाचला

परळच्या एका हॉस्पिटलात मी छातीचे सीटी स्कॅन वाचते. शिकाऊ डॉक्टरांना जिथे तिथे गाठी दिसतात आणि त्यातल्या कितीतरी गाठी नसतातच. हृदयाभोवतीच्या पिशवीला एक घडी असते, थोडं पाणी धरून बसलेली. निरोगी माणसांतही ती सापडते आणि थेट सुजलेल्या गाठीसारखी दिसते. तिच्यापायी धडधाकट माणसाला सुया टोचू नका, हे सांगून माझा घसा बसला. कर्सर ठेवा, घनता मोजा. पाणी की मांस, ते आकडा सांगतो. दहा सेकंदांचं काम.

बाबांचा खोकला हटेना. उभी हयात गिरणीत गेलेली, त्यामुळे करी रोडच्या आमच्या चाळीत त्यांच्या खोकल्याचं कुणाला नवल नव्हतं. मीच हट्टाने स्कॅन करायला लावला. घरच्या माणसाचा स्कॅन आपण वाचायचा नाही, असा आमच्यात रिवाज आहे. तो मोडून मी वाचायला बसले. शेजारची ज्युनिअर हृदयाजवळच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून चाचरत म्हणाली, "मॅडम, ही गाठ वाटतेय."

"घडी आहे ती. तीनदा शिकवलंय तुला!" मी खेकसले आणि रिपोर्टवर सही केली. घनता मोजली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरं सांगायचं तर त्या आकड्याची मला भीती वाटत होती.

पुढे बाबा वाळत गेले. चाळीखालचे डॉक्टर पुन्हा तपासणी करा म्हणून मागे लागले, तर बाबांनी लेकीचा हवाला देऊन त्यांनाच उडवून लावलं. "माझ्या चेडवान बघल्यान हा. काय एक नाय." हे मला फार उशिरा कळलं, खोकल्यातून रक्त पडल्यावर.

दुसरा स्कॅन माझ्या सहकाऱ्याने वाचला. गाठ चांगलीच वाढली होती. तो उठून गेल्यावर मी जुना स्कॅन उघडला आणि तेव्हाच्या त्या ठिपक्यावर कर्सर ठेवला. पाणी नव्हतं.

घरी जाऊन बाबांना सांगितलं, गाठ आहे. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तेवा नसतली गो ती. असती तर तुका दिसली असती."

मी हो म्हटलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते शेवटपर्यंत हेच सांगत राहिले, आणि मी शेजारी बसून ऐकत राहिले.