माझ्या वाट्याचा ढावलो

मी मुंबईले निंघालो त्या दिवशी पुसदच्या मोटर स्टँडवर माझ्या बानं, म्हणजे वडलानं, ठरवलंच होतं का पोराशी बोलाचं नाही. थो माझ्या पेटीशी बोलून राह्यला होता. "जाय बाई, तू तरी नीट राहाय. तुया मालक तं लोकायचे आवाज काढून पोट भरनार हाय म्हनते." याडी, म्हणजे माय, पहिले हसली, मंग ओढणी तोंडात धरून रडली. मोटर सुटली तरी बा माझ्याकडं पाहेना, टपावरच्या पेटीकडंच पाहे.

त्याच्या रुसण्याचं मले नवल वाटते. आमचा अख्खा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, मंग महाराष्ट्रात गेला, तवा कोणी रुसलं नाही. मी एकटा तांड्यातून हललो तं केवढा राग.

झालं असं होतं का मुंबईची फिल्मवाली मंडळी कापसावर माहितीपट काढाले आमच्याकडं आलती. त्यायच्या डायरेक्टर साहेबाची नक्कल मी हॉटेलासमोर करून राह्यलो होतो. एक डोया बारीक, बोटायची चौकट, आन समोरच्या म्हशीले "जरा डावीकडे बघा, हसू नका." साहेब मागंच उभे. मले वाटलं आता मार बसते, तं त्यायनं नोकरी देल्ली. गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, वऱ्हाडी आन हिंदी बोलणारा माणूस त्यायले पाहिजेच होता.

मले वाटे, कॅमेरा शिकन, आपली फिल्म काढन. साहेबानं मले डबिंगच्या खोलीत टाकलं. भिंतीले गाद्या ठोकलेल्या, दार बंद, पंखाही बंद, काहून का पंख्याचा आवाज टेपात येते. पडद्यावर मुका शेतकरी तोंड हालवे, आन अंधारात घाम पुसत मी त्याच्या तोंडात शब्द टाकत होतो. साताऱ्याचा शेतकरी मी, कोकणातला कोळी मी, लस टोचलेली म्हैसही मीच. माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणाल तं खानावळीत भात तेवढा मागत होतो. कॅमेऱ्याजवळ गेलो का साहेब म्हणत, "तुझा गळा सोन्याचा आहे रे, डोळे कशाला वापरतोस?"

मंग माझ्या लहान बहिणीचं, रूपलीचं, लग्न निंघालं. साहेबाले चालीरीतींवर फिल्म पाहिजेच होती. म्हणले, "जा, तूच काढ. जमली तर पुढच्याही तुझ्या. नाहीतर खोली आहेच." चावीचा कॅमेरा देल्ला. आवाज घ्यायची मशीन मात्र देल्ली नाही. ते मोठ्या लोकायसाठी.

आमच्या बंजाऱ्यायत नवरी सासरी निंघते तवा ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, फक्त त्याच्यासाठी शब्द जोडते. बाले येगळे, याडीले येगळे. आपल्या वाट्याचं आपण मान खाली घालून आयकाचं. आन एकदा म्हणलेला ढावलो पोरगी पुन्हा म्हणत नाही. म्हणला तं तिले घर पुन्हा सोडा लागते, असं आमच्यात मानतात.

रूपली बाच्या गळ्यात पडली, मंग याडीच्या. मंग माझ्याकडं आली. माझा डोया कॅमेऱ्यात. काकी मागून म्हणे, "अरे ठेव ना ते डबडं, बहीण उभी हाय." पण कॅमेरा ठेवला तं शॉट तुटते, शॉट तुटला तं खोली हायेच. मी एक हात वर केला. थांब जराशी, असं. रूपलीले वाटलं भावानं हात देल्ला. तिनं थो दोन्ही हातात धरला, कपाय टेकवलं, आन माझा ढावलो त्या हातालेच म्हणला. बाले, याडीले मोठ्यानं म्हणलं होतं, हे मात्र हाताशी तोंड नेऊन हळूच, आन माझ्या कानापाशी कॅमेऱ्याची घरघर. तिचा एक शब्द मले आयकू आला नाही.

मंग नवरीले बैलाच्या पाठीवर उभी केली. बाच्या घराचं भलं होवो म्हणून ती गायली, आन केळापूरकडच्या तांड्यात गेली.

मुंबईत साहेब खुश. "वा! आता आवाज भर." बाचा भाग मी भरला, याडीचा भरला. हुबेहूब रूपली. रेकॉर्डिंगवाल्यानं डोये पुसले. मंग माझा भाग आला. पडद्यावर तिचे ओठ हालून राह्यले, आन माझ्यापाशी शब्द नाही. साहेब म्हणले, "काहीही म्हण रे, ती भाषा कोणाला कळते?" खरं होतं ते. कोणालेच कळलं नसतं. मी तोंड उघडलं, तं काही निंघेच ना.

रजा काढून केळापूरले गेलो. रूपली विहिरीवर भेटली.

"रूपले, माझ्या वाट्याले काय म्हणलं होतं तू?"

"काहून? तू थितंच होता ना."

"कॅमेरा लय घरघर करे."

"मंग त्यालेच विचार, भिया." हसली.

"सांग ना वं. नाही तं माझी फिल्म जाते."

तिनं घागर खाली ठेवली. सासूच्या दाराकडं पाह्यलं, मंग हळूच म्हणे, "आत्ता कुठं इथं झोप लागून राह्यली मले. पुन्हा म्हणलं तं पुन्हा निंघा लागन. मले नाही जमनार."

मी घागर उचलून तिच्या डोक्यावर देल्ली.

परत येऊन साहेबाले म्हणलं, बाचा आन याडीचाही भाग पुसून टाका, तिच्या आवाजात म्हणलं तं तेही पुन्हा म्हणणंच झालं. साहेबानं सगळ्या ढावल्यावर बासरी टाकली. पुढची फिल्म दुसऱ्याले देल्ली. दोष देत नाही, त्यायनं पहिलेच सांगतलं होतं.

तुम्ही जे तिकडं तांड्यात राह्यले, तुमाले वाटते आम्ही सुटलो. जे माझ्यासारखे निंघून आले ते सणासुदीले भेटतात, कोणाले भाकर आठवते, कोणाले नदी. मले म्हणतात, गावच्या नकला कर. करतो. बाची करतो, काकीची करतो, लोक पोट धरून हसतात. रूपलीची कर म्हणलं का मी पाणी प्याले उठतो. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढंच राह्यलं. थितं मले कोणीतरी काही म्हणलं, आन ते मले काढता येत नाही.

बाकी आवाज सारे येतात. खोलीतला लाल दिवा लागला, साहेब काचेमागून हात हालवून राह्यले. पडद्यावर खत टाकणारा शेतकरी केव्हाचा तोंड हालवते. त्याले बोलतं करा लागते.