मधमाश्यांचं नसलेलं पुस्तक

नोंदबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं ग्रंथालयात आता कुणी उरलं नव्हतं. तळमजल्यावरच्या खोलीत एकतीस वर्षं बसून त्यांनी आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद केली होती. लेखक, विषय, पट्टीनं मोजलेली उंची. छापील पृष्ठसंख्येवर विश्वास नसे, पानं स्वतः मोजत. नणंद म्हणायची, वहिनी जिन्याच्या पायऱ्याही रोज मोजतात, एखादी पळाली म्हणजे!

निवृत्तीला महिना उरला आणि वरून फर्मान आलं: सगळी सूची जगाला मोकळी करायची. कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. परवानगीसुद्धा मागायला नको. ग्रंथपाल, वयानं त्यांच्या लेकाएवढा, कागद घेऊन खाली आला. सर्व नोंदी खऱ्या आहेत, एवढ्यावर सही हवी होती. बाईंनी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

कारण एक नोंद खोटी होती, आणि ती त्यांनीच घातली होती. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांची सूची न विचारता उचलली, तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पानं मोजायची आम्ही आणि हे आयत्या बिळावर नागोबा! मग त्यांनी सापळा लावला. ‘मधमाश्यांचे पत्ते’, पानं दोनशे बारा, उंची बावीस सेंटिमीटर. असं पुस्तक कुणी लिहिलंच नव्हतं. ज्याच्या यादीत दिसेल तो चोर. पण चोर धरायला सवड कुणाला होती? राहून गेलं ते गेलंच.

आता गुपचूप पुसलं असतं की सुंठीवाचून खोकला गेला असता. पण जित्याची खोड! ही नोंद गेली तरी कुठवर, हे बघितल्याशिवाय बाईंना राहवेना. शोधलं, तर चार ग्रंथालयांच्या सूचींत निघाली. तिघांकडे ‘प्रत नाही’. चौथ्याकडे चक्क लिहिलं होतं, ‘प्रत वाचकाकडे’.

नसलेलं पुस्तक नेलं तरी कुणी? बाईंनी तिकडे फोन लावला. कारकून सरळ माणूस, त्यानं सगळं सांगितलं. पुस्तक यादीत आहे, कपाटात नाही, म्हणजे कुणीतरी नेलं असणारच. आणि मधमाश्यांची पुस्तकं नेणारे गावात एकटे मधपेट्यावाले काका. टाकलं त्यांच्या नावावर. काका नऊ वर्षं शपथेवर सांगताहेत, मी नेलं नाही. पण ते परत येईपर्यंत दुसरं पुस्तक द्यायचं नाही, हा नियम. बाईंना आधी हसू आलं, मग उमगलं. नऊ वर्षं एका वाचणाऱ्या माणसाचं वाचन त्यांनी बंद पाडलं होतं.

“अहो, नोंद आमची होती. आम्हाला विचारायचं तरी.”

कारकुनानं आवाज खाली आणला. “यादी न विचारता घेतलेली, बाई. विचारणार कुठल्या तोंडानं?”

बाई जिना चढून वर गेल्या आणि ग्रंथपालाला सगळं सांगून टाकलं. तो बिचारा म्हणाला, जाता जाता कशाला नाव खराब करून घेता, पुसून टाका, मला काही ठाऊक नाही.

“इथं पुसून तिथलं जात नाही,” बाई म्हणाल्या. “सूची मोकळी जातेय ना? मग माझी चूकही मोकळीच जाऊ दे.”

त्यांनी त्या नोंदीखाली लिहिलं: हे पुस्तक अस्तित्वात नाही, मी रचलं होतं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. ग्रंथपालानं आणलेल्या कागदावर ‘एक सोडून’ असे दोन शब्द वाढवून सही केली. मग सूची गेली जगाकडे.

बाईंच्या शेवटच्या दिवशी त्या कारकुनाचा फोन आला. सूची आता उघडपणे घेतली होती. टीप वाचून काकांचं नाव त्याच दिवशी मोकळं केलं. काका सकाळीच आले, दोन पुस्तकं घेऊन गेले.

“आणि जाताना विचारत होते,” तो म्हणाला, “ते पुस्तक कधी लिहून होईल का? म्हणतात, नऊ वर्षं माझ्या नावावर होतं, एकदा वाचू तरी द्या.”