रेडिएटरमधली हळद

हे गेल्यावर पाच महिने गाडी अंगणातल्या टिनाखाली उभी होती. मला चालवता येत नव्हती. धाकटे दीर म्हणाले, अशीच राहिली तर सडून जाईल. गडचांदूरचं एक गिऱ्हाईक त्यांनीच शोधलं. तो माणूस येऊन गाडी पाहून गेला आणि जाताना एवढंच म्हणाला, "रेडिएटर गळून राह्यलं. ते करून ठेवा, मंग नेतो."

रेडिएटर गळतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती गाडी घ्यायला माझा विरोध होता. आम्ही दोघंही चिमूरला शिक्षक, दोघांच्या शाळा पायी जाण्याजोग्या. पण सासूबाईंना लकवा झाला, त्या अंथरुणाला खिळल्या, आणि महिनाभरात यांनी कुणाची तरी वापरलेली पांढरी मोटार दारात आणून उभी केली. "घरात माणूस पडून आहे आणि तुम्हाला मोटारी सुचतात," असं मी म्हणाले होते. त्यानंतर त्या गाडीबद्दल मी कधी चांगला शब्द काढला नाही.

पुढं यांच्याच किडन्या बिघडल्या. दर पंधरा दिवसांनी नागपूरला जावं लागे, आणि हे एसटीनं जात. एकदा पाय सुजलेले दिसत होते तरी पिशवी घेऊन निघाले. मी म्हणाले, "मोटार काय पूजा कराले आणली?" ते चपलेत पाय घालत होते. चप्पल जात नव्हती. "बसमध्ये डोळा लागते," म्हणाले, आणि गेले.

डिसेंबरात, शाळेला सुटी होती त्या दिवशी, दीर आणि मी गाडी घेऊन दुरुस्तीसाठी वरोऱ्याला निघालो. दिरांनी पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या होत्या. थंडी होती, तरी अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाटल्या संपल्या. रस्त्याला लागून एका वावरात कापूस वेचणं चाललं होतं. दीर पाणी मागायला जायच्या आधीच एक म्हातारी पाण्यानं भरलेली पत्र्याची डबकी घेऊन आमच्याकडं आली.

"सरांची गाडी ना हे?" तिनं विचारलं. "सर नाई आले?"

दिरांनी सांगितलं. तिनं डबकी खाली ठेवली.

"वरोऱ्याले आईचं औषध आणाले जात, तवा दर खेपेले इथीच थांबत. गाडीत पाणी टाकत, मंग बांधावर बसून राहत. लय थकले होते. मी म्हणो, सर, बाईले संग आणत जा. त म्हणत, बाईले सांगू नोको, गाडी विकाले लावीन ते."

बोलता बोलता तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डबकी उचलून दिरांच्या हाती दिली. दिरांनी पाणी ओतलं.

वरोऱ्याचे मिस्त्री वयस्क होते, पांढरी दाढी, बोटं तेजाबानं काळी पडलेली. ती सगळी गल्लीच गॅरेजांची. बाईमाणूस म्हणून त्यांनी मला आतलं स्टूल आणून दिलं. खालचा पाइप काढला तसं रेडिएटरमधून पिवळं, दाट पाणी पडलं.

"हे काय?" मी विचारलं.

"हल्दी, बाई. बारीक भोक असलं तर हल्दी फुगून बसते. दोन-चार दिवस काम चालते." ते बोटानं गाळ काढत राहिले. "पण इतकी कोणी टाकत नाई."

आमच्या घरी हळदीचा डबा लवकर रिकामा व्हायचा. त्यावरून भांडी घासणाऱ्या बाईला मी दोनदा टोचून बोलले होते. दुसऱ्या वेळी हे ओट्याशी पाणी पीत उभे होते. पेला ठेवून बाहेर गेले होते.

मिस्त्रींनी रेडिएटर सोडवला, तोंडं बंद केली आणि पाण्याच्या टाकीत बुडवून पंपानं हवा भरली. एका जागी बुडबुडे येतील असं मला वाटलं होतं. सगळीकडून आले.

"कथलाचा डाग देऊन भागत नाई. आतली जाळीच बदलावी लागते," ते म्हणाले. "सरांनाही मी हेच सांगितलं होतं."

"ते इथं आले होते?"

"दोन बार आले. मी म्हटलं, दो दिन गाडी छोडून जा. तर म्हणे, मिस्त्री, आई बिस्तरवर आहे, कधी काय होईल सांगता येत नाई. गाडी घरीच पाहिजे. मी म्हटलं, मग गरम होते तर लांब नेऊ नका. म्हणे, लांब नाई नेत. दवाखान्यापुरती चालली पाहिजे."

मी दिरांकडं पाहिलं. ते टाकीतल्या पाण्याकडं बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गळते हे माहीत होतं, वहिनी. नागपूरला बसनं का जात, ते नव्हतं माहीत."

गाडी तिथंच ठेवून आम्ही बसनं परतलो. गर्दी होती. वाटेतल्या शेगावपर्यंत मी उभीच होते. उभ्यानं कुणाचा डोळा लागत नाही.

घरी आल्यावर मी आधी भांडीवाल्या बाईकडं गेले आणि हळदीचं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या नं बाई," आणि सुपात तांदूळ पाखडत राहिली. दुसऱ्या महिन्यापासून तिनं आमचं काम सोडलं.

जाळी बदलून गाडी आली. गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं. सासूबाईंना खिडकीतून फाटक दिसायचं. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर त्या जड जिभेनं म्हणाल्या, "गेली ते बरं झालं. त्या मोटारीपायीच माहा पोरगा थकला. कोणासाठी आणली होती देव जाणे."

मी त्यांच्या उशीजवळ बसले होते. मिस्त्रींचं बोलणं ओठांवर आलं होतं. मी पेजेची वाटी घेतली, त्यांची मान हातावर उचलून धरली आणि एक चमचा त्यांच्या तोंडात घातला. त्या आणखी चार वर्षं जगल्या.