टोपीवाल्याची शेवटची मागणी

सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. चाचणी विभागातल्या मावशींनी तोवर चारशे ट्रान्झिस्टर तपासून टाकले होते. चिमट्यानं उचलायचा, तिन्ही तारा खाचेत बसवायच्या, उजव्या पायानं पेडल दाबायचं. हिरवा दिवा लागला तर डावं तबक, लाल लागला तर उजवं. मशीन एकोणतीस वर्षांपूर्वी होतं तसंच होतं. गुडघा तसा राहिला नव्हता.

शर्टाच्या बटणाहून लहान धातूची टोपी आणि खाली तीन तारा, एवढाच तो ट्रान्झिस्टर. कारखान्यात त्याला टोपीवाला म्हणत. त्याच्यामागून आलेले सतरा प्रकार बंद पडले, त्यांची मशीनं भंगारात गेली. हा मात्र हटायला तयार नव्हता. कुठल्या सिग्नलच्या पेटीत, कुठल्या जुन्या क्ष-किरण यंत्रात तो ठाण मांडून बसलेला, आणि तिथं दुसरा कुणी चालत नाही.

पेडल सोडा, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच बजावलं होतं. तेव्हा साहेबांनी, म्हणजे मावशींहून वीस वर्षांनी लहान असलेल्या विभागप्रमुखांनी, शब्द दिला होता, "टोपीवाला बंद झाला की तुम्ही वरच्या मजल्यावर. बसून पडद्याकडे बघायचं. पायाचं कामच नाही."

बंद करायची रीत ठरलेली. सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र जातं, की अमुक तारखेनंतर माल मिळणार नाही, शेवटची मागणी नोंदवा. यंदाचं धरून हे पत्र चारदा गेलं. दरवेळी गिऱ्हाइकं धास्तावली आणि दहा वर्षांचा साठा एकदम मागवून मोकळी झाली. मागणी चौपट. मग वरचे म्हणायचे, एवढा खपणारा माल बंद कसा करायचा?

साडेनऊला साहेब कागद घेऊन आले. चेहरा बघूनच मावशींनी चिमटा खाली ठेवला.

"किती?"

"दोन वर्षांचं काम आहे, मावशी."

"म्हणजे बंद नाही."

"तूर्तास नाही."

"तुमचं तूर्तास तुम्ही शाळेत होता तेव्हापासून चाललंय."

साहेब हसले, एकटेच. "काय करू? तुमच्याशिवाय हे मशीन कुणाला येत नाही."

"येईल कसं? माणूस मागितला की तुम्ही म्हणणार, बंद होणाऱ्या मशीनवर माणूस कशाला वाया घालवायचा."

साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली आणि निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला.

"टोपीवाला कसा आहे?"

"ठणठणीत."

"आणि गुडघा?"

"त्याची शेवटची मागणी नोंदवून ठेव."

मुलगी हसली नाही. "मग तूच पाठव ना पत्र, आई. त्यांना तीच भाषा कळते."

मावशींनी डबा बंद केला, तपासणीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि लिहिलं: महिनाअखेरीनंतर मी पेडल दाबणार नाही. ज्यांना मशीन शिकायचं असेल त्यांनी त्याआधी यावं. खाली सही केली, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि पान साहेबांच्या टेबलावर ठेवून आल्या.

अर्ध्या तासात साहेब धावत आले. "मावशी, असं एकदम? आधी सांगायचं तरी."

"वर्षभर सांगतेय."

"दोन वर्षांची मागणी अंगावर घेतलीय हो आपण."

"आपण नाही, तुम्ही. म्हणून शिका."

"मी?"

"दुसरा माणूस मोकळा नाही, हे तुम्हीच सांगता. बूट काढून बसा, बुटानं पेडलचा अंदाज येत नाही."

साहेब बसले. पहिल्या तासात त्यांनी एकोणीस ट्रान्झिस्टर तपासले आणि त्यातल्या सहांचे पाय वाकवले. मावशी मागं उभ्या राहून तारा सरळ करत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती. "दाबा म्हटलं, लाथ मारा म्हटलं नाही," एवढंच त्या अधूनमधून म्हणत.

पाळी सुटायच्या आधी नवं पाळीपत्रक फळ्यावर लागलं. उद्या साडेसहा ते दहा पेडलवर विभागप्रमुख, शिकवायला मावशी. दहानंतर मावशी वरच्या मजल्यावर.