टोचणीचा सराव

आमच्या रेंजवर नवखी माणसं माझ्या ताब्यात देतात. मी फार चांगला नेमबाज आहे म्हणून नव्हे. चांगल्यांना स्वतःचा सराव असतो. माझं मात्र सरावाने सुधारत नाही आणि सराव बुडवल्याने बिघडत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे. त्यामुळे कुणाची पहिली मॅच जवळ आली की, ‘त्यांच्याकडे जा, ते मोकळेच असतात,’ असं सांगून माझ्याकडे बोट दाखवतात.

रेंज म्हणजे कसबा पेठेतल्या एका व्यायामशाळेचा वरचा मजला. खाली पोरं दंड काढत असतात, वर आम्ही एअर रायफल घेऊन दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरतो. कागदावर काळं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध पेनाने टिंब द्यावं एवढा ठिपका. ठिपक्याला लागलं तर दहा गुण. आमचं सगळ्यांचं आयुष्य त्या ठिपक्याच्या आजूबाजूने चाललेलं आहे.

नवख्याला मी काय शिकवतो? जाड कॅनव्हासचा कोट घालून श्वास कसा घ्यायचा. सकाळी पोट भरून मिसळ खाऊन का यायचं नाही. शेजाऱ्याच्या कागदाकडे का बघायचं नाही. छर्रे मोजून डबीत कसे भरायचे, आणि एखादा चेपलेला निघाला तर हाताशी असावा म्हणून एक जादा का ठेवायचा. हे कुणीही शिकवेल. माझी खरी ख्याती आहे ती टोचणीची.

टोचणी ही आमच्या रेंजवरची पद्धत. मॅचच्या आधीचे काही दिवस नवख्याने कोट चढवून रेषेवर उभं राहायचं, आणि मी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बोलायचं. हळू आवाजात. त्याच्याबद्दल. मॅचच्या हॉलमध्ये इतकी शांतता असते की माणसाचं स्वतःचं मनच नको ते बोलायला लागतं. ते सगळं आधीच दुसऱ्याच्या तोंडून ऐकून शिळं करून टाकायचं, असा त्यामागचा विचार. ही पद्धत कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण तो माणूस पुण्याबाहेरचा नसणार.

त्यासाठी आधी नवख्याला चहाला न्यायचं आणि घरचं काढून घ्यायचं. हडपसरच्या आयटी पार्कातला एक मुलगा होता, त्याला मुली बघून नकार देत होत्या. तो नेम धरायचा तेव्हा मी मागून विचारायचो, ‘इतक्या लांब रोज येतोस, तिकडे कुणी बोलत नाही वाटतं तुझ्याशी?’ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी म्हणायचो, ‘अहो, आयुष्यभर काडतुसं केलीत, ती कुणाला लागली कुणास ठाऊक. आज निदान कागद लागू द्या.’ दोघंही पुढे माझ्यापेक्षा चांगले निघाले. एक बाई तर मी बोलत असताना रडायला लागल्या आणि रडता रडता त्यांनी दहा मारला. तो कागद आम्ही अजून नव्यांना दाखवतो. बाई नंतर आल्या नाहीत, ते सांगत नाही.

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण आली. तिला चहाला नेण्याची गरज नव्हती.

आमच्या घरात तिला अर्धवट म्हणतात. वेडी या अर्थाने नव्हे. तिने हातात घेतलेली गोष्ट अर्धी राहते या अर्थाने. एका बाहीचा ब्लाउज, जर्मनची पहिली परीक्षा, विहारातल्या पालीच्या वर्गाचा अर्धा पावसाळा. गाडी चालवायला शिकली तीही दुसऱ्या गिअरपर्यंत. तिसरा टाकायची वेळ आली तेव्हा शिकवणारा दुसऱ्या गावी गेला आणि हिने दुसरा शोधला नाही. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतं, ‘दादा, तिचा तो ब्लाउज सांग ना.’ मी सांगतो. चांगलं सांगतो. मेहुणे लग्न होऊन आमच्यात आले आणि काही वर्षांत त्यांनी हे सगळे किस्से माझ्याहून चांगले सांगायला घेतले. मी कधीकधी त्यांना तपशील पुरवतो.

ती आली आणि म्हणाली, ‘दादा, मला एक मॅच खेळायचीय. पूर्ण. साठच्या साठ गोळ्या.’

मी विचारलं, हे खूळ कुठून? तर तिच्या मुलीने नोकरी सोडावी का, असा विषय घरी निघाला होता, आणि त्यावर मुलगी म्हणाली होती की मी आईसारखं मधेच सोडणार नाही. बाकीचे सगळे ते वाक्य हसत म्हणतात. मुलगी हसली नव्हती. बहिणीला तेवढंच लागलं होतं. नंबर नको, मेडल नको, मुलीला दाखवायला एक संपलेली गोष्ट हवी होती.

ती शिकली भराभर, हे सांगायला हवं. हात स्थिर, नजर चांगली. घरी रायफल न्यायला परवानगी नाही, म्हणून ती फरशी पुसायच्या मॉपचा दांडा खांद्याला लावून फ्रिजवरच्या टिकलीवर नेम धरत उभी राहायची. मेहुणे म्हणायचे, ‘घेतलाच आहेस हातात, तर फरशीही होऊन जाऊ दे.’ ती नेम पुरा करायची आणि मग फरशीही पुसायची.

पण एक अडचण होती, आणि ती नेमकी तिचीच होती. नेमबाजीत गोळी न मारणं शिकावं लागतं. नेम धरला, श्वास सोडला, पण मन स्थिर होत नाही. अशा वेळी घोडा दाबायचा नाही, रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. जो खाली घेतो तो पुढे जातो. बहिणीला ते जमेना. एकदा उचललेली रायफल तशीच खाली ठेवणं तिच्या जिवावर यायचं. हात थरथरत असला तरी ती गोळी मारून मोकळी व्हायची, आणि ती सात-आठवर जायची.

मी सांगितलं, ‘खाली घे. सोडून दे ती.’

ती म्हणाली, ‘सोडत नाहीये मी.’

मग टोचणी सुरू झाली. माझ्याकडे चाळीस वर्षांचा माल होता. ती रेषेवर उभी, कोटात ताठ, गाल रायफलच्या लाकडावर. आणि मी मागून ब्लाउजपासून सुरुवात करायचो. पाली झालं, जर्मन झालं, दुसरा गिअर झाला. ‘डबीत एक तरी छर्रा उरेल बघ. तुझ्या हातून डबी रिकामी व्हायची नाही.’ हे वाक्य मला स्वतःला आवडलं होतं, म्हणून रोज वापरायचो. बाकीचे नेमबाज आपापला सराव थांबवून ऐकायला उभे राहायचे. मुलीचं वाक्यही मी म्हणून पाहिलं, मुलीच्याच सुरात. त्या वेळी तिने पहिल्यांदा रायफल न झाडता खाली घेतली, श्वास घेतला, पुन्हा उचलली आणि दहा मारला. मला वाटलं, जमलं. टोचणी लागू पडली.

मॅच खडकीला होती. मेहुणे सुट्टी काढून आले. मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, ‘दादा, मध्यंतरानंतरचं बघायला मिळत नाही हो हिच्या बाबतीत. आज संधी आहे.’ मुलीला नोकरीमुळे येता आलं नाही. निकालाचा कागद तिला फोनवर पाठवायचा असं ठरलं होतं.

प्रेक्षकांना मागे, काचेच्या अलीकडे खुर्च्या होत्या. बोलायला मनाई. मध्ये फिरणारे रेंज ऑफिसर निवृत्त फौजी, मिशी राखणारे आणि तोंड बंद ठेवणारे. बहीण बारीक दिसत होती त्या रांगेत. तिच्या एका बाजूला शाळेतली मुलगी, दुसऱ्या बाजूला कुणी कॉलेजातला. पहिल्या काही गोळ्या तिने सुंदर मारल्या. नेम धरला, जमेना, रायफल खाली. पुन्हा उचलली, दहा. मी गुडघ्यावर बोटांनी ताल धरला होता.

ती पुन्हा एकदा रायफल खाली घेत असताना मेहुणे पुटपुटले, ‘झालं?’

काच जाड नव्हती. आणि त्या शांततेत तर टाचणी पडली तरी ऐकू यावं. रेंज ऑफिसरांनी वळून पाहिलं. बहिणीने नाही पाहिलं. पण त्यानंतर तिने एकदाही रायफल गोळी न मारता खाली घेतली नाही. हात स्थिर असो, थरथरत असो, उचलली की मारली. सात. आठ. सहा. मी हात वर करून तिला बाहेर बोलावू शकत होतो, प्रशिक्षकाला तेवढी मुभा असते. पण बोलावलं असतं तर तिला रेषा सोडून यावं लागलं असतं, आणि मधेच रेषा सोडून आलेली बहीण म्हणजे काय झालं असतं, ते मला आणि मेहुण्यांना दोघांनाही ठाऊक होतं. मी बसून राहिलो.

शेवटी शेवटी तिचा दंड इतका भरून आला होता की लांबून दिसत होतं. तरी ती पोचली. साठावी गोळी गेली. मला सुटल्यासारखं झालं. शेजारची मुलगी केव्हाच आवरून गेली होती. बहिणीने डबीत पाहिलं.

डबीत तो चेपलेल्यासाठी ठेवलेला जादा छर्रा होता. एकही चेपलेला निघाला नव्हता.

ती डबीकडे बघत उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ. मग तिने तो छर्रा भरला, रायफल उचलली, नेम धरला. जमेना. तिने रायफल खाली घेतली. श्वास घेतला. पुन्हा उचलली, आणि शेवटच्याच कागदावर, जिथे मॅचमध्ये एकच भोक असायला हवं तिथे, एकसष्टावी गोळी मारली.

ती दिवसभरातली सगळ्यात सुंदर गोळी होती. ठिपका शिल्लक राहिला नाही.

रेंज ऑफिसरांनी कागद जवळ आणला, दोन भोकं पाहिली, आणि तिला नियम समजावून सांगितला. मॅचपेक्षा जास्त गोळी मारली की ती रद्द. कुठली रद्द ते कळत नसेल तर दोन्हींतली चांगली ती रद्द. आणि वर दोन गुण वजा. ते सगळं त्यांनी अतिशय सभ्यपणे, तिला ‘आपण’ म्हणून सांगितलं.

तिने विचारलं, ‘पण मॅच पूर्ण झाली ना? तसं लिहिणार ना?’

‘बाई, पूर्ण झाली,’ ते म्हणाले. ‘जरा जास्तच झाली.’

मागे कुणीतरी हसलं. मला वाटतं, आधी मीच हसलो. मेहुण्यांनी मग सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, ‘जन्मात एक गोष्ट पुरी केली, तीही दंड बसवून घेऊन. हिला थांबायचं कुठे तेसुद्धा शिकवायला हवं होतं, दादा.’

बहीण कोटाची बटणं काढत होती. बोटं वळत नव्हती, म्हणून मी पुढे झालो, तर तिने हात बाजूला केला आणि शेवटचं बटणही स्वतःच काढलं. निकालाच्या कागदावर तिच्या गुणांपुढे लाल पेनाने उणे दोन लिहिलेलं होतं. तिने त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. परत येताना गाडीत मुलीचं उत्तर आलं. हसणारे दोन चेहरे आणि खाली, ‘हे उणे कसले?’ बहिणीने फोन पर्समध्ये ठेवला.

पुढच्या रविवारी ती रेंजवर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला. म्हटलं, एवढा हात बसलाय, त्या शेवटच्या गोळीसारख्या दहा मार, पुढच्या मॅचला नाव घालू.

‘दादा, झालं ते. संपलं माझं.’

‘म्हणजे सोडलंस.’

‘संपवलं,’ ती म्हणाली. ‘एक मॅच म्हणाले होते. एक खेळले.’

‘लोक सोडलं असंच म्हणतील.’

‘तुम्हा लोकांना संपलेलं ओळखूच येत नाही, दादा,’ असं म्हणून तिने फोन ठेवला. कोट मात्र धुऊन, नीट घडी घालून तिने कुणाबरोबर तरी पाठवून दिला. तो आता दुसऱ्या एका बाईंना बसतो. त्यांची टोचणी पुढच्या आठवड्यात सुरू करायची आहे. त्यांच्या सासूबद्दल बरंच ऐकलंय.

दिवाळीत सगळे तिच्याकडे जमलो होतो. जेवताना मेहुण्यांनी एकसष्टाव्या गोळीची गोष्ट काढली आणि शेवटाशी येऊन अडले. म्हणाले, ‘आता तुम्हीच ठरवा दादा, हे पूर्ण झालं की अर्धवट राहिलं? मला सांगताना पंचाईत होते.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगीही बसली होती, घास हातात धरून, आणि तीही माझ्याकडेच बघत होती. बहीण वाढत होती.

गोष्ट पूर्ण झाली असं म्हटलं तर तिथे काही उरत नाही. बाई मॅच खेळल्या आणि घरी आल्या. अर्धवट म्हटलं तर रंगते. मी म्हटलं, ‘अर्धवटच म्हणायला हवं. ब्लाउजच्या शेजारी ठेवा.’

हशा इतका उसळला की शेजारच्या ब्लॉकमधून कुणीतरी डोकावलं. मुलगीही हसली. बहीण आमच्या ताटांवरून फिरत होती. माझ्यापाशी आली तेव्हा तिने फक्त विचारलं, पोळी हवी का. मी अर्धी मागितली. तिने अख्खी वाढली आणि संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.